घरात होतंच

‘घरात होतंच’ हे दोन शब्द कानावर पडले की माझं डोकं आजही फिरतं. परवाच सून मोबाईलवर कुणाची तरी रेसिपी बघत होती. शंभर रुपयांत पाच माणसांचं पोटभर जेवण, असं ती बाई हसून हसून सांगत होती. आधी भोपळा दाखवला, त्याची किंमत सांगितली. तांदूळ दाखवले, त्यांची सांगितली. आणि मग कढईत चांगलं दोन पळ्या तूप सोडत म्हणाली, तूप काय, घरात असतंच आपल्या. मी सुनेला म्हटलं, बंद कर ते. ती बिचारी चपापली, तिला वाटलं आवाज मोठा झाला. आता तिला काय सांगणार? बदलापूरच्या या फ्लॅटमध्ये तुपाची बरणी आज आमच्याकडेही आहे, रिकामी होण्याआधी दुसरी येते. पण चाळीस वर्षांपूर्वीची एक दुपार अजून माझ्या घशाखाली उतरलेली नाही, आणि उतरेल असं आता वाटतही नाही.

तेव्हा आम्ही अंबरनाथला राहायचो, स्टेशनपासून वीस मिनिटं चालत, कंपन्यांच्या मागच्या अंगाला एका चाळीत. दोन खोल्या, मागं न्हाणी, समोर बोअरिंगचा सामाईक नळ. निम्मी घरं आमच्यासारखी पौर्णिमेला विहारात जाणारी, बाकीची कुठून कुठून आलेली. बाबा कंपनीत फिटर होते. कंपनीला कुलूप लागलं तेव्हा मी सातवीत होते. बाबा तरीही रोज सकाळी गेटावर जाऊन बसायचे, बाकीचे कामगार बसायचे तसे, आणि दुपारी परत यायचे. महिना गेला, सहा महिने गेले, कुलूप तिथंच. आईनं एक दिवसही रडारड केली नाही. तिनं उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून जीन्सचे गठ्ठे आणायला सुरुवात केली. शिवून झालेल्या पॅन्टींचे लोंबते धागे कापायचे, नगाप्रमाणे पैसे. दिवसभर कात्रीची कचकच आणि आईची दहाही बोटं निळी. संध्याकाळी भाकरी थापायच्या आधी ती चिंचेचा चोथा घेऊन बोटं घासत बसायची. कारण एकदा भाकरीवर निळा अंगठा उठला होता, आणि माझा सगळ्यात धाकटा भाऊ मिलिंद ती भाकरी घेऊन चाळभर दाखवत फिरला होता.

गठ्ठा पोचवायला गेली की त्याच फेरीत ती किराणा आणायची. तिथल्या बाजारात एका सिंधी चाचाचं दुकान होतं. दुकान कसलं, पोत्यांच्या मधोमध बसलेला चाचा. गिऱ्हाईक समोर आलं की मान वर न करता विचारायचा, “छा खपे?” काय पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. पण आईला मराठीतलं खपणंच माहीत. पहिल्या दिवशी ती म्हणाली, खपंल की चाचा, द्याल ते खपंल, घरात पाच तोंडं हायत. चाचा पोट धरून हसला, आणि त्या दिवसापासून तिच्यासाठी डाळीची चुरी बाजूला काढून ठेवायला लागला. गिरणीत डाळ फुटते, तिचे तुकडे म्हणजे चुरी. चव तीच, भाव निम्मा. आमच्या घरात मग तो शब्द असा रुळला की ताटं मांडली की आई विचारायची, काय खपे? आम्ही तिघं भावंडं ओरडायचो, श्रीखंड खपे, मटण खपे. आणि ती जे असेल ते वाढायची.

रविवारी दुपारी आई आठवड्याचा स्वयंपाक लावायची. लावायची म्हणजे लिहायची नाही. ती दुसरीपर्यंत शिकलेली, आणि ती दुसरीही अर्धी. आकडे कळायचे, अक्षरं विसरून गेली होती. ती जुन्या वर्तमानपत्राचे सात तुकडे फरशीवर मांडायची. प्रत्येक तुकड्यावर त्या दिवसाची डाळ नाहीतर कडधान्य, चार लसणीच्या पाकळ्या, मिरचीपूड, कुठं चिंचेचं बुटुक. मग जीन्सच्याच धाग्यानं पुड्या बांधायची आणि फळीवर ओळीनं ठेवायची, सोमवार डावीकडं. नियम एकच, उद्याची पुडी आज सोडायची नाही. पाहुणा आला तरच गुरुवारची सुटायची, आणि मग गुरुवारी आम्ही चिंचेच्या सारात भाकरी कुस्करून खायचो आणि त्या पाहुण्याला मनातल्या मनात शिव्या द्यायचो. हल्ली याला मील प्लॅनिंग म्हणतात. माझ्या ओळखीची एक बाई त्याचे वर्ग घेते, फी घेऊन, वर सर्टिफिकेटही देते. देवो बापडी. माझ्या आईनं पाच माणसं त्या पुड्यांवर जगवली, तिला कुणी कधी चहासुद्धा विचारला नाही.

बुधवारच्या आणि शनिवारच्या पुडीत सुकट असायची. बारीक सुकलेली कोलंबी, कुणी तिला जवळाही म्हणतं. आई ती आधी तव्यावर कोरडी भाजायची, पाण्यातून काढायची, मग भरपूर कांदा, लसूण, दोन आमसुलं. सुकट तव्यावर पडली की चाळीतली मांजरं आणि आम्ही भावंडं एकदमच दारात. तेच तेच खाऊन कंटाळलेली जीभ त्या दिवशी जागी व्हायची. मूठभर सुकटीत पाच माणसं दोन भाकऱ्या जास्त खायची, आणि आई म्हणायची, खावा, रगत वाढतं. तिचं चूक नव्हतं. पुढं पुस्तकांतून मी वाचलं की तिचं अगदी बरोबर होतं.

अडत होतं ते डाळीपाशी. धान्य होतं, रॉकेल नव्हतं. कार्डावर मिळायचं ते पंधरा दिवसांत संपायचं, आणि काळ्या बाजारातलं घ्यायची आमची ऐपत नव्हती. बोअरिंगच्या जड पाण्यात डाळ हटून बसायची, तासभर स्टोव्ह फरफरायचा तरी दाणा दाताखाली यायचा. आईनं सगळे उपाय केले. सकाळपासून भिजत घालायची, एक कढ आला की पातेलं वाकळेत गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची, त्याच्या अंगच्या ऊबेनं शिजावं म्हणून. तरी रोज डाळ जमेना, एक दिवसाआड व्हायची. आणि मिलिंदला तर रोज हवी होती. तो पाच वर्षांचा होता, महिन्यातून दोनदा तापानं पडायचा, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या फटक. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाटली दिलीच नाही. रोज वाटीभर डाळ आणि पालेभाजी द्या, हेच औषध, म्हणाले. आई घरी येऊन स्टोव्हकडं बघत बसली. शेजारच्या बिल्डिंगमधून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. तिसरी शिट्टी झाली की ती म्हणायची, झाली त्यांची डाळ. ती हे रोज म्हणायची.

म्हणून शाळेतून मी ती सूचना घरी आणली तेव्हा आईचे डोळे एकदम चमकले. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका महिला मंडळानं स्पर्धा ठेवली होती, काटकसरीचा सकस स्वयंपाक. दहा रुपयांत पाच माणसांचं एक वेळचं जेवण करून आणायचं, सोबत पदार्थांची नावं आणि खर्च लिहिलेला कागद. पहिलं बक्षीस, पाच लिटरचा कुकर. आई म्हणाली, दहा रुपये? आपण तर सात रुपयांत करतो. आणि हे ती बढाई मारून म्हणत नव्हती. तिला खरंच वाटलं की ही स्पर्धा कुणीतरी तिच्यासाठीच ठेवली आहे. बाबा म्हणाले, कशाला त्या बायकांच्यात, त्यांना काय कळतंय काटकसर. आई म्हणाली, त्यांना न्हाई कळत म्हणून तर बक्षीस ठेवलंय.

मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणजे माझ्या वर्गातल्या मेधाची आई. मेधा माझ्याच बाकावर बसायची. दिसायला गोड, अभ्यासात हुशार, माझ्याशी चांगलं वागणारी. एकदा गणिताच्या तासाला तिनं हळूच विचारलं होतं, “तुझ्या दप्तराला कसला गं वास येतो? मासळीबाजारासारखा?” तिनं ते वाईट मनानं विचारलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं. म्हणूनच ते जास्त लागलं. भांडण केलं असतं तर मी परत भांडले असते, त्यात मी काही कमी नव्हते. त्या दिवसानंतर बुधवारी आणि शनिवारी आई तवा चढवायच्या आत मी दप्तर बाहेरच्या खिळ्याला अडकवून यायचे. आईनं विचारलं तर सांगायचे, आत जागा होत नाही. दोन खोल्यांत जागा होत नाही हे खोटं म्हणता येण्यासारखंही नव्हतं.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आईनं मला कागद घेऊन बसवलं. ती कात्री चालवता चालवता सांगत होती. लिव, कण्यांचा भात. लिव, चुरीची आमटी. लिव, टाकळ्याची भाजी. टाकळा तिनं स्वतः त्याच दिवशी सकाळी बदलापूरच्या बाजूला एका ठाकरणीबरोबर माळावर जाऊन खुडून आणला होता. मी म्हटलं, त्याची किंमत काय लिहायची, तो तर फुकट. आईनं कात्री थांबवली. म्हणाली, “फुकट कसा? माझी सकाळ न्हाई का गेली? चार आणे लिव.” मीठसुद्धा तिनं ज्या त्या पदार्थाच्या ओळीतच लिहायला लावलं. तेल किती पळ्या, त्याचे पैसे. रॉकेलसुद्धा. तिच्या हिशेबात असं काहीच नव्हतं की जे कुठून तरी आपोआप आलं. मग ती म्हणाली, लिव, सुकट.

चौथ्या ओळीवर माझं पेन अडलं. हा कागद मेधाची आई वाचणार. घरी गेल्यावर जेवताना ती मेधाला सांगणार, तुझ्या त्या मैत्रिणीच्या आईनं काय आणलं होतं माहितीये? आणि सोमवारी मेधा बाकावर थोडी सरकून बसणार. हे सगळं मला इतकं स्पष्ट दिसलं की हातानं आपसूक लिहिलं, शेंगदाण्याची चटणी. पुढं किंमत सुकटीचीच टाकली. आईनं विचारलं, लिवलं का? मी म्हटलं, लिवलं. मनाशी ठरवलं होतं की सकाळी उठून सांगायचं, आई, श्रावण चालू आहे, सुकट नको नेऊ, चटणीच ने. पण सकाळी जाग आली ती वासानं. सुकट तव्यावर होती. आईनं नेहमीपेक्षा कांदा जास्त चिरला होता, नवऱ्यामुलाला वाढायचं असावं तसं. ठरवलेलं सांगायचं सोडून मी दप्तर बाहेरच्या खिळ्याला अडकवून आले.

आईनं ठेवणीतली पांढरी साडी नेसली. निळी बोटं तिनं इतकी घासली होती की नखांच्या कडा लाल झाल्या होत्या. चार खणांचा डबा फडक्यात बांधून मांडीवर घेतला आणि आम्ही शेअर रिक्षानं कॅम्प चारला गेलो. शेजारी बसलेल्या माणसानं हुंगून विचारलं, क्या बनाया है माँजी, बहुत बढिया खुशबू है. आई खूष. म्हणाली, कॉम्पिटिशन को ले जा रही हूँ. आयुष्यात तिनं त्या डब्याची एवढी तारीफ दुसऱ्या कुणाकडून ऐकली नाही, म्हणून तो रिक्षातला परका माणूस मला अजून आठवतो.

हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, त्यांवर पांढऱ्या चादरी. बायका नटून आलेल्या. आमच्या शेजारच्या टेबलावर एका बाईंनी मुगाची खिचडी मांडली होती. वर तुपाची धार, त्यात तळलेले काजू, बाजूला ओल्या खोबऱ्याच्या वड्या, मधोमध चांदीची वाटी. मेधाची आई आणि दुसऱ्या दोन परीक्षक बाया वही घेऊन फिरत होत्या. खिचडीवाल्या बाईंच्या कागदावर फक्त मूग, तांदूळ, हळद. मेधाच्या आईनं कौतुकानं विचारलं, एवढं सगळं दहात बसवलंत? त्या म्हणाल्या, “तूप घरात होतंच. काजू नणंदेनं गोव्याहून पाठवलेले, ते घरात होतेच. आणि नारळ काय, पूजेचे घरात असतातच की.” मेधाची आई म्हणाली, वा, गृहिणी असावी तर अशी कल्पक. आणि तिघींनी चमच्यानं खिचडी खाल्ली, वड्या खाल्ल्या, एकीनं दुसरी उचलली.

मग त्या आमच्या टेबलाशी आल्या. आई उभीच होती, खुर्ची असून. मेधाच्या आईनं वरचा खण उघडला तो नेमका सुकटीचा. तिनं पदर नाकाला लावला. लावला म्हणजे अगदी दाबून धरला. म्हणाली, श्रावण चालू आहे हो बाई. आईनं शांतपणे सांगितलं की आमच्यात श्रावण पाळत नाहीत, आणि नियमात तसं काही लिहिलेलं नव्हतं, लेकीकडून सगळं वाचून घेतलं होतं. यावर त्या बाईनं काय विचारावं? कांदा किती, तेल किती? नाही. तिनं विचारलं, आडनाव काय आपलं? आईनं आडनाव सांगितलं. ती म्हणाली, अच्छा. चार खणांपैकी तीन खणांत भात, आमटी आणि पाला होता, त्यांनी तिचं काय घोडं मारलं होतं? पण चमचा त्यांनाही लागला नाही. तिला आता फक्त निमित्त हवं होतं, आणि ते मी आयतं लिहून ठेवलं होतं. तिनं कागद वाचला, कपाळाला आठी घातली, आणि वर बघितलं.

“इथं तर शेंगदाण्याची चटणी लिहिली आहे.”

“न्हाई बाई, सुकट लिवलीया,” आई म्हणाली. “माझ्या लेकीनं लिवलंय. आठवीत हाय ती.”

“मग वाचा ना तुम्हीच.”

आईनं कागद हातात घेतला. चौथ्या ओळीवर तिनं बोट ठेवलं, कारण चौथा पदार्थ चौथ्या ओळीत असणार एवढं तिला कळत होतं. त्या ओळीकडं ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडं बघत होते. समोर पाण्याचे ग्लास घेऊन मेधा उभी होती, आणि मला एवढंच वाटत होतं की जमीन फाटावी. तीन शब्द बोलायचे होते, बाई, चूक माझी. तेवढे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

“चुकलं माझंच,” आई म्हणाली. “मीच पोरीला चटणी सांगितली आन् सकाळी सुकट केली.”

मेधाच्या आईनं वहीत रेघ मारली. लिहिलंय एक आणि आणलंय एक, नियमात बसत नाही, असं म्हणून ती पुढं निघाली. तेव्हा आईनं तिला थांबवलं. आवाज अजिबात चढवला नाही. तिनं विचारलं, “बाई, त्या खिचडीवरचं तूप दहा रुपयांत बसलं का?”

“ते त्यांच्या घरात होतंच.”

“आमच्या घरात तर बाई, मीठसुदिक इकत आणल्यालंच असतंय,” आई म्हणाली. “ते लिवलंय मी. टाकळा रानातला, त्याचे बी चार आणे लिवलेत.”

कुणीतरी हसलं. विनोद झाला असं वाटलं असेल त्यांना. मेधाची आईसुद्धा थोडी हसली आणि पुढच्या टेबलाकडं वळली. आईनं डब्याचे खण एकावर एक लावले, कडी घातली, फडकं बांधलं. गाठ दोनदा सुटली. कुकर कुणाला मिळाला हे बघायला आम्ही थांबलो नाही, पण सोमवारी शाळेत कळलंच. खिचडीवाल्या बाईंना. त्यांच्या घरी कुकर नव्हता की काय? होते, दोन होते, मेधाच म्हणाली. हा तिसरा.

परतताना रिक्षा मिळेपर्यंत आम्ही बरंच चाललो. मला वाटत होतं तिनं मारावं, चारचौघांत एक मुस्काटात द्यावी, म्हणजे सुटले असते. शेवटी रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, काय लिवलं व्हतंस? मी सांगितलं, शेंगदाण्याची चटणी. मग मला खरंच माहिती हवी असल्यासारखं तिनं विचारलं.

“शेंगदाणे कुठं व्हते गं आपल्याकडं?”

एवढंच. त्यावर ती पुन्हा कधी एक अक्षर बोलली नाही, ना त्या दिवशी, ना मरेपर्यंत. घरी पोचलो तर बाबा गेटावरून आले होते, भावंडं दारात. बाबांनी विचारलं, काय झालं? आई म्हणाली, दुसऱ्या बाईचा नंबर आला. डबा उघडून तिनं ताटं मांडली. बाबा दोन घास खाऊन म्हणाले, आज सुकट झकास झालीय, त्या बायकांच्या नशिबात नव्हती. ते तिला हसवायला म्हणाले होते. मिलिंद भाताचा डोंगर करून त्यात आमटीसाठी खळं करत होता. आई माझ्या ताटाशी आली, पळी हातात, आणि रोजच्यासारखंच विचारलं, काय खपे? मी ताट पुढं केलं. तिनं सुकट वाढली, मी खाल्ली.

मिलिंद वाढला. डाळ एक दिवसाआडच मिळत राहिली, आई टाकळा, माठ, शेवग्याचा पाला खुडत माळ पालथे घालत राहिली, आणि तो खोकत, पडत, उठत वाढला. आज पन्नाशीला आला तरी हिवाळ्यात पहिला तोच आजारी पडतो. तेव्हा रोज वाटीभर डाळ पोटात गेली असती तर, हे माझ्या डोक्यात येतंच. कंपनीचं कुलूप कधी निघालंच नाही. आमच्याकडं कुकर आला तो फार पुढं, सगळ्यांकडं आला तेव्हा. पण स्पर्धेनंतरच्या रविवारपासून घरात एक गोष्ट बदलली. आई पुड्या बांधायला बसली तेव्हा तिनं माझं कंपासमधलं पेन मागितलं. मला वाटलं, मला लिहायला सांगणार. नाही. तिनं स्वतःच कागदावर वाकून, जीभ दातांत धरून, एक एक अक्षर आठवत बुधवारच्या पुडीवर लिहिलं, ‘सूकट’. सू दीर्घ काढला होता. त्यानंतर तिनं लिहिण्यासाठी मला कधी हाक मारली नाही, रेशनच्या अर्जालासुद्धा नाही.

ही गोष्ट मी आजवर खूप ठिकाणी सांगितली आहे. विहारात बायकांच्या बैठकीत, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, एकदा माईकवरसुद्धा. नाकावरचा पदर, आडनाव, ते अच्छा, चांदीची वाटी, गोव्याचे काजू, सगळं रंगवून सांगते, आणि ऐकणाऱ्या बायका माझ्याबरोबर चिडतात. चिडायलाच पाहिजे, त्या बाईनं केलं ते नीचपणाचंच होतं आणि त्याबद्दल मी तिला कधी माफ करणार नाही. पण इतकी वर्षं सांगताना मी कागदाचा भाग गाळत आले. आईला नियमाबाहेर काढलं, एवढंच म्हणायचे. कोणत्या नियमानं, ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. परवा सुनेवर खेकसले तेव्हा ती मागाहून म्हणाली, अहो आई, त्या मोबाईलवरच्या बाईचा राग माझ्यावर का? त्याचं उत्तर शोधायला हे लिहायला बसले.

आमच्या घरात आयतं असं काही नव्हतंच. तूप नव्हतं, काजू नव्हते, शेंगदाणे नव्हते. लाजसुद्धा नव्हती. ती मी आणली, दप्तरातून.